सूर्यावाचून आलेले सावळेपण

पंढरीच्या विठोबास आणि गोकुळीच्या कृष्णास ज्या समाजाने सावळ्या रूपातच हृदयाशी धरले, त्या समाजास गोऱ्या कातडीची मनुष्ये आपला वर्ण काळवंडावा म्हणून द्रव्य वेचतात, ही गोष्ट प्रथमदर्शनी विनोदाची वाटते. गोव्याच्या किनाऱ्यावर दर हिवाळ्यात परदेशी पाहुणे वाळूवर तासन्‌तास उन्हात पडून असतात आणि आपली माणसे छत्र्या उघडून त्यांच्या बाजूने जातात, हे दृश्य आमच्या पुष्कळ वाचकांच्या परिचयाचे असेल. परंतु या हौसेच्या आश्रयाने गेल्या शतकाच्या उत्तरार्धात एक कृत्रिम औषध जन्मास आले. त्याचे दोन भाऊ झाले. एकाने परीक्षेचा लांब रस्ता धरला व तो रुग्णांच्या कामी आला. दुसरा परीक्षा अर्धी टाकून बाजारात पळाला व आजही तेथेच आहे. त्या दोघांचा वृत्तान्त येथे सांगण्याचा आमचा विचार आहे.

युरोपातही पूर्वी काळवंडलेली कातडी हे शेतमजुराचे लक्षण समजले जाई आणि कुलीन स्त्रिया ऊन टाळीत. पुढे कारखाने आले, मजूर छपराखाली गेला आणि फिकटपणा हे दारिद्र्याचे चिन्ह झाले. त्याच सुमारास वैद्यकाने सूर्याची थोरवी गायिली. डेन्मार्कच्या नील्स फिन्सेन यांस प्रकाशाने त्वचेचा क्षयरोग बरा करण्याच्या कार्याबद्दल १९०३ साली नोबेल पारितोषिक मिळाले आणि त्याच वर्षी स्वित्झर्लंडमधील लेझां येथे डॉक्टर रोलिए यांनी क्षयरोग्यांस डोंगरावरील उन्हात निजविण्याचे रुग्णालय उघडले. १९२० नंतर फ्रान्सच्या दक्षिण किनाऱ्यावर श्रीमंतांनी उन्हाळा घालविण्यास आरंभ केला. कोको शानेल नावाच्या वेषभूषाकर्तीने उन्हाने रापलेला वर्ण प्रतिष्ठित केला, अशी आख्यायिका सांगतात. ती खरी असो वा नसो, दोन पिढ्यांत रापलेली कातडी हे सुट्टीचे, पैशाचे व आरोग्याचे लक्षण बनले. आरोग्याचा भाग मात्र टिकला नाही. उन्हातील अतिनील किरण त्वचेच्या कर्करोगास कारण होतात हे जसजसे सिद्ध होत गेले, तसतसा उन्हावाचून रंग मिळविण्याचा शोध जोराने सुरू झाला.

या शोधाचे मूळ मात्र सौंदर्यप्रसाधनाच्या दुकानात नव्हते. ते बेडकांच्या डबक्यात होते. १९१६ साली अमेरिकेत बेनेट ॲलन व फिलिप स्मिथ या दोघा प्राणिशास्त्रज्ञांनी, एकमेकांपासून स्वतंत्रपणे, बेडूकमाशांच्या मेंदूच्या तळाशी असणारी पीयूषिका ग्रंथी काढून टाकली. तेव्हा ती पिले रुप्यासारखी फिकी पडली. अर्थात त्या ग्रंथीतून असे काही द्रव्य स्रवत असले पाहिजे, की जे त्वचेस काळोखी देते. हे द्रव्य शुद्ध रूपात हाती येण्यास पुढे जवळजवळ चार दशके लागली. १९५५ च्या सुमारास ॲरन लर्नर या त्वचारोगतज्ज्ञाने सहकाऱ्यांसह ते वेगळे काढले आणि १९५७ साली त्याची रचना प्रसिद्ध झाली. तेरा ॲमिनो आम्लांची ती एक छोटी साखळी निघाली. अशा साखळीस रसायनशास्त्रात पेप्टाइड म्हणतात. त्वचेतील रंजकपेशींस चेतविणारा हा अंतःस्राव होय. लर्नर व मॅक्‌ग्वायर यांनी तो मनुष्यास टोचून पाहिला आणि मनुष्याचाही वर्ण गडद होतो हे १९६१ साली जाहीर केले. हे लर्नर म्हणजे ज्यांनी १९५८ साली मेलाटोनिनचा शोध लावला तेच.

या शोधकांच्या डोळ्यांसमोर रंगाची हौस नव्हती, कोडासारखे त्वचेचे विकार होते, हे ध्यानात ठेवण्याजोगे आहे. कोडावर त्वचेस रंग आणणारे औषध आपल्याकडे फार जुने. बावचीच्या बिया आणि ऊन यांचा उपयोग आयुर्वेदात चालत आलेला आहे, आणि त्या बियांतील सोरालेन वर्गाचीच द्रव्ये १९४७ च्या सुमारास ईजिप्तच्या एल मोफ्ती यांनी तेथील एका रानवनस्पतीतून घेऊन आधुनिक वैद्यकात आणली. बावचीची मात्रा चुकली किंवा ऊन अधिक झाले तर अंगावर फोड येतात, हे आपले वैद्य जाणून होते. त्वचेचा रंग बदलणारे औषध केवळ त्वचेपुरते राहत नाही, हा अनुभव नवा नव्हता.

नैसर्गिक अंतःस्रावात एक उणीव होती. शरीरातील पाचकद्रव्ये त्याचे काही मिनिटांत तुकडे करून टाकीत. ही अडचण ॲरिझोना विश्वविद्यालयात, टुसॉन या वाळवंटी शहरात, सुटली. तेथे मॅक हॅडली हे प्राणिशरीराचे अभ्यासक आणि व्हिक्टर ह्रूबी हे रसायनशास्त्रज्ञ एकत्र काम करीत होते. अंतःस्राव अल्कलीत तापविला असता त्याचा प्रभाव नाहीसा होण्याऐवजी लांबतो, असे बेडकाच्या कातडीवरील प्रयोगांत दिसले होते. त्याचे कारण शोधता असे आढळले, की तापविण्याने साखळीतील सातवे ॲमिनो आम्ल उलटे होत होते. आरशात उजवा हात डावा दिसतो, तशी ही उलट. शरीराची पाचकद्रव्ये एकाच हाताच्या ॲमिनो आम्लांवर काम करण्यास सरावलेली असतात. उलट्या हाताशी त्यांची गाठ पडली की ती अडतात. हे ओळखून त्यांनी सातव्या जागी मुद्दाम उलटे फेनिलॲलनिन घातले, चौथ्या जागचे मेथिओनिन काढून तेथे नॉर्ल्यूसिन बसविले आणि १९८० साली हे नवे द्रव्य प्रसिद्ध केले. मूळ अंतःस्रावाहून ते कितीतरी प्रबळ व दीर्घायुषी होते. यासच पुढे मेलानोटान असे नाव पडले.

या संशोधकांचा हेतू निर्मळ होता असेच आम्हांस वाटते. गोऱ्या मनुष्यास रंग यावयाचा तर आधी ऊन खावे लागते आणि ऊन खाताना पेशींची हानी होऊन चुकलेली असते. रंग आधी आणि ऊन मागाहून असे करता आले, तर कर्करोग टळणार नाही काय? ॲरिझोनाच्या रणरणत्या उन्हात राहणाऱ्यांस हा प्रश्न सुचावा यात नवल नाही. १९९१ साली नॉर्मन लेव्हाइन व त्यांच्या सहकाऱ्यांनी स्वयंसेवकांस हे औषध त्वचेखाली टोचून रंग येतो असे दाखविले.

तोवर त्याच प्रयोगशाळेत धाकटा भाऊ जन्मला होता. साखळी तेराऐवजी सातच कड्यांची ठेवून तिची दोन टोके वळवून कडे बनविले, तो मेलानोटान-२. १९९६ साली अवघ्या तिघा पुरुषांवर केलेली त्याची पहिली चाचणी प्रसिद्ध झाली. रंग थोड्या मात्रेत आला खरा, परंतु सोबत मळमळ आली, जांभया आणि आळेपिळे आले आणि पुरुषांच्या देहात असा एक अनपेक्षित परिणाम दिसून आला, की ज्याची फोड या पृष्ठांवर करण्याचे प्रयोजन नाही. त्याचे कारण १९९२ नंतर स्पष्ट होऊ लागले होते. त्या वर्षी या अंतःस्रावाचे त्वचेतील ग्राहक, म्हणजे किल्लीसाठी असलेले कुलूप, ओळखले गेले आणि पुढे कळले की अशी कुलपे एक नव्हे, पाच आहेत. त्वचेतील कुलूप रंगाचे. मेंदूतील दोन कुलपे भूक, रक्तदाब व कामवासना यांच्याशी निगडित. धाकट्या भावाची किल्ली या सर्वांत फिरते. रंगासाठी टोचून घेणारा मनुष्य आपल्या मेंदूसही टोचून घेत असतो.

आता कायद्याकडे वळू. औषध विकण्यापूर्वी ते निर्धोक आहे हे सिद्ध करण्याचा भार विकणाऱ्यावर असावा, हा आज सहज वाटणारा नियम फार महाग पडून मिळालेला आहे, आणि त्यात सौंदर्याच्या हौसेचाही वाटा आहे. अमेरिकेच्या १९०६ च्या कायद्यात प्रसाधनांचे नावही नव्हते. १९३३ च्या सुमारास पापण्या काळ्या करणाऱ्या ‘लॅश ल्यूर’ नामक रंगाने स्त्रियांचे डोळे गेले, तरी सरकारला ते दुकानातून उचलता येईना. १९३७ साली सल्फानिलमाइडचे एक गोड पातळ औषध डायएथिलिन ग्लायकॉल या विषारी द्रवात विरघळवून विकले गेले व शंभराहून अधिक माणसे, त्यांत पुष्कळ बालके, मरण पावली. ते विकण्यापूर्वी तपासले पाहिजे असे कोणत्याही कायद्यात लिहिलेले नव्हते. १९३८ च्या कायद्याने ती उणीव भरली आणि थॅलिडोमाइडच्या दुर्घटनेनंतर १९६२ साली औषध गुणकारी असल्याचा पुरावाही सक्तीचा झाला. आपल्याकडे चोप्रा समितीच्या चौकशीनंतर १९४० साली औषधांचा कायदा आला. तरीही १९८६ साली मुंबईच्या जे. जे. रुग्णालयात त्याच डायएथिलिन ग्लायकॉलने दूषित झालेल्या ग्लिसरीनने रुग्ण दगावले आणि न्यायमूर्ती लेंटिन यांच्या आयोगास त्याची चौकशी करावी लागली. कायदा कागदावर असणे आणि कुपीत काय आहे ते कोणी पाहणे, या गोष्टी भिन्न आहेत.

थोरल्या भावाचे हक्क पुढे ऑस्ट्रेलियातील एपिटॅन या कंपनीकडे आले. तिनेच नंतर क्लिनुव्हेल हे नाव घेतले. निरोगी मनुष्याने केवळ रंगासाठी आपल्या अंतःस्रावांच्या व्यवस्थेत ढवळाढवळ करावी, यास नियामकांकडून मान्यता मिळणे दुर्घट होते. हौसेच्या औषधाकडून जो धोका पत्करावयाचा तो जवळजवळ शून्य असावा लागतो. तेव्हा कंपनीने औषधाचा मोहरा खऱ्या रोग्यांकडे वळविला.

हे रोगी कोण? लर्नर यांचा प्रयोग ज्या १९६१ साली प्रसिद्ध झाला, त्याच वर्षी लंडनमध्ये मॅग्नस व त्यांच्या सहकाऱ्यांनी एका विरळ आनुवंशिक विकाराचे वर्णन केले. त्यास एरिथ्रोपोएटिक प्रोटोपॉर्फिरिया म्हणतात. रक्तातील लाल द्रव्य बनविण्याची अखेरची पायरी या रोग्यांत अडखळते, प्रोटोपॉर्फिरिन नावाचे द्रव्य साचत जाते आणि त्यावर प्रकाश पडला की ते पेटल्यासारखे होते. काही मिनिटांच्या उन्हाने हातातोंडाची अशी आग होते, की ती दिवसचे दिवस शमत नाही. नेहमीचे मलम लावून उपयोग नाही, कारण घात करतो तो डोळ्यांस दिसणारा प्रकाश. दुखणे बहुधा बालपणीच सुरू होते. कातडीवर फारसे काही दिसत नाही, म्हणून मूल ढोंग करते असेही घरच्यांस वाटते. सूर्याच्या उपासनेने कृष्णपुत्र सांबाचे कुष्ठ गेले ही कथा आपण पुराणांतून ऐकत आलो. रथसप्तमीस अंगणात दूध उतू घालून आपण ज्या देवतेस आळवतो, तिच्याकडे पाठ फिरवून पडदे ओढलेल्या खोलीत आयुष्य काढावे लागणे म्हणजे काय, याची कल्पनाच केलेली बरी.

या रोग्यांस कातडीत आधीच रंग भरून मिळाला तर तो प्रकाश अडवील, असा तर्क होता. औषधास अफामेलानोटाइड असे नाव देण्यात आले. १६ मिलिग्रॅम औषध असलेली, काडीच्या तुकड्याएवढी एक कांडी कटीच्या हाडावर त्वचेखाली ठेवावयाची व दोन महिन्यांनी ती बदलावयाची, अशी योजना ठरली. अमेरिकेत ९४ रोग्यांवर सहा महिने चाचणी झाली. खरे औषध घेतलेल्यांस वेदनेवाचून उन्हात काढता आलेले तास ६९.४ भरले, खोटी कांडी घेतलेल्यांचे ४०.८. युरोपात ७४ रोग्यांवर नऊ महिने झालेल्या चाचणीत हेच आकडे ६.० व ०.८ असे आले. सहा महिन्यांत अठ्ठावीस तास अधिक! धडधाकट मनुष्यास हा हिशेब क्षुल्लक वाटेल. ज्याने मुलास शाळेपर्यंत पोचविण्याचे ऊनही कधी सोसले नाही, त्यास तसा वाटला नाही. डिसेंबर २०१४ मध्ये युरोपीय संघाने अपवादात्मक परिस्थिती म्हणून, ऑक्टोबर २०१९ मध्ये अमेरिकेने आणि २०२० साली ऑस्ट्रेलियाने त्यास परवानगी दिली. १९८० च्या शोधापासून पहिल्या मोठ्या परवान्यापर्यंत चौतीस वर्षे गेली.

धाकट्या भावाच्या घराण्यातही एक मूल शहाणे निघाले. मेलानोटान-२ मध्ये थोडा फेर करून ब्रेमेलानोटाइड हे औषध बनविले गेले. प्रथम ते नाकात फवारण्याचे होते. २००७ साली अमेरिकी अन्न व औषध प्रशासनाने रक्तदाब वाढण्याच्या भीतीमुळे गंभीर आक्षेप घेतला आणि फवारा सोडून द्यावा लागला. पुढे टोचण्याच्या रूपात, स्त्रियांच्या एका विकारावर, जून २०१९ मध्ये त्यास परवाना मिळाला, तोही बंधने घालून. महिन्यास आठांहून अधिक मात्रा घ्यावयाच्या नाहीत, रक्तदाब ताब्यात नसलेल्यांनी किंवा हृदयविकार असलेल्यांनी घ्यावयाचे नाही. चाचण्यांत शंभरांतील चाळीस स्त्रियांस मळमळ झाली, हेही माहितीपत्रकात छापावे लागले. तोंडावर, हिरड्यांवर काळे डाग पडू शकतात, मूळच्या सावळ्या वर्णाच्या व्यक्तींत ते अधिक संभवतात, आणि ते पूर्णपणे जातीलच असे नाही, हेही तेथे आहे. आपल्या वर्णाच्या लोकांनी याची नोंद घ्यावी.

आणि खुद्द मेलानोटान-२? त्यास रंगासाठी परवाना मिळाला नाही. तथापि त्याची रचना शास्त्रीय नियतकालिकांत छापलेली होती आणि पेप्टाइड बनविण्याची यंत्रे आता जगभर आहेत. २००५ नंतर लवकरच पांढऱ्या भुकटीच्या कुप्या टपालाने घरोघर जाऊ लागल्या. व्यायामशाळांत व रंगशय्या भाड्याने देणाऱ्या दुकानांतही त्या मिळू लागल्या. भुकटी पाण्यात कालवावयाची आणि स्वतःच्या हाताने पोटात टोचून घ्यावयाची. २००७ ते २००९ या काळात अमेरिका, डेन्मार्क, ब्रिटन येथील औषध-प्रशासनांनी लोकांस सावध केले. विक्रेत्यांनी कुप्यांवर ‘केवळ संशोधनासाठी, मनुष्याच्या उपयोगासाठी नव्हे’ असे छापले आणि विक्री चालू ठेवली. हे वाक्य आम्हांस या साऱ्या प्रकरणात सर्वांत उद्धट वाटते. घेणारा प्रयोगशाळेतला नाही हे विकणारा जाणतो, विकणारा ते जाणतो हे घेणारा जाणतो, आणि त्या एका ओळीने जबाबदारी मात्र कोणाचीच उरत नाही. ज्या नाकाच्या फवाऱ्यास त्याच्या भावंडाच्या बाबतीत रक्तदाबापायी थांबविले गेले, त्याच रूपात अलीकडे मेलानोटान-२ खपू लागले, आणि ऑस्ट्रेलियाच्या प्रशासनास त्याविरुद्ध पुनःपुन्हा इशारे द्यावे लागले.

कुपीत काय असते, हे डेन्मार्कच्या संशोधकांनी २०१५ साली प्रसिद्ध झालेल्या तपासणीत पाहिले. वर १० मिलिग्रॅम लिहिलेल्या कुप्यांत ४.३२ पासून ८.८४ मिलिग्रॅमपर्यंत औषध निघाले आणि चार ते सहा टक्के अशुद्धी. एका कुपीतील मात्रा अंगवळणी पडलेल्याने दुसरी कुपी उघडली तर तो नकळत दुप्पट टोचून घेणार. स्नायू विरघळून मूत्रपिंडांवर संकट आलेला रोगी २०१२ साली वैद्यकीय वाङ्मयात नोंदला गेला. त्याने शिफारशीहून कितीतरी अधिक मात्रा घेतली होती. पण शिफारस तरी कोणाची? विकणाऱ्याचीच.

या सर्वांहून मोठी चिंता तिळांची आहे. हे द्रव्य रंजकपेशींस चेतविते, आणि तीळ म्हणजे रंजकपेशींचाच पुंजका. २००९ पासून ब्रिटन, अमेरिका व अन्यत्रचे त्वचारोगतज्ज्ञ लिहू लागले, की हे टोचून घेणाऱ्यांचे जुने तीळ एकाएकी काळे पडतात, मोठे होतात व नवे उगवतात. त्यांपैकी काहींस मेलॅनोमा, म्हणजे रंजकपेशींचा घातक कर्करोग, झाल्याचेही आढळले. येथे शब्द जपून वापरले पाहिजेत. औषधानेच कर्करोग झाला असे या थोड्या नोंदींवरून सिद्ध होत नाही. हे घेणारे बहुधा ऊनही पुष्कळ खात आणि रंगशय्येवरही निजत, ज्या रंगशय्यांस आंतरराष्ट्रीय कर्करोग संशोधन संस्थेने २००९ साली निश्चित कर्करोगकारकांच्या यादीत घातले. परंतु निर्धोक आहे असेही सिद्ध झालेले नाही, कारण ते सिद्ध करण्याचा खर्च ज्याने करावा त्यास गिऱ्हाईक न विचारताच मिळते. शिवाय वैद्याची एक मोठी खूण येथे बुजते. तीळ बदलला तर दाखवावयास या, असे त्वचारोगतज्ज्ञ जन्मभर सांगत आले. सगळेच तीळ एकदम बदलले, तर त्यांतील घातक कोणता हे तो कसे ओळखणार?

जाता जाता आपल्या घराकडेही पाहावे. आपली ओढ उलट दिशेची, गोरेपणाकडची. गोरे करणाऱ्या मलमांत पाऱ्याचे क्षार घालण्याचा प्रकार जगात पुष्कळ देशांत चालला. पारा त्याच रंजकाची उत्पत्ती अडवितो आणि मूत्रपिंडे बिघडवितो. मिनामाता येथे झालेल्या पारदविषबाधेचे नाव धारण करणाऱ्या २०१३ च्या आंतरराष्ट्रीय करारान्वये अशा प्रसाधनांस २०२० ही अखेरची मर्यादा ठरली, आणि भारताच्या २०२० च्या प्रसाधन-नियमांतही पाऱ्यास बंदी आहे. तेव्हा गोऱ्यांच्या सावळेपणाच्या हौसेस हसण्याचा अधिकार आपल्यास फारसा उरत नाही.

परवानाप्राप्त थोरल्या भावाचीही मोकळीक नाही. अफामेलानोटाइड घेणाऱ्याची सर्व त्वचा वर्षातून दोनदा डॉक्टरांनी तपासावी, प्रत्येक तीळ पाहावा, अशी अट परवान्याच्या माहितीपत्रकातच आहे. युरोपात हे औषध ठरावीक तज्ज्ञ केंद्रांतच मिळते आणि घेणाऱ्यांची दीर्घकालीन नोंद ठेवावी लागते. ते महागही आहे. इंग्लंडमध्ये सरकारी खर्चाने ते द्यावे काय, या प्रश्नाचा विचार तेथील संस्थेने कित्येक वर्षे केला. रोग्यांच्या संघटनेने अपील केले, निर्णय पुन्हा तपासला गेला. औषधाचा गुण संस्थेने नाकारला नाही, परंतु गुणाच्या मानाने किंमत फार, असे म्हणून जुलै २०२३ मध्ये तिने शिफारस करण्याचे नाकारले. म्हणजे टपालाने येणारी निनावी कुपी इंग्लंडातल्या हौशी तरुणास थोडक्या पैशांत मिळते, आणि पडद्याआड बसलेल्या तेथील रोग्यास चौतीस वर्षे पारखून घेतलेली कांडी सरकारी खर्चाने मिळत नाही.